अकरा नंबरचं कार्ड

मु. वरची वाडी, उमरठ,
ता. पोलादपूर
१५ डिसेंबर २००९

प्रिय सुन्या,

तुझ्या आईचं कार्ड मी बदललं. मुंबईला, मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून, दुसऱ्या दिवशी सकाळी. काकीचं बारा नंबरचं कार्ड बाबाच्या खिशात घातलं आणि बाबाचं अकरा नंबरचं काकीच्या हातात दिलं. पुढं शेवटच्या दिवसापर्यंत तसंच चालू ठेवलं. हे मी केलं, चुकून नाय झालं. आता वाचायचं थांबवू नको. शिव्या घालायच्या तर घाल, पण शेवटपर्यंत वाच. शेवटी एक काम सांगितलंय आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाय.

फोन का नाय केला? एक तर तुझा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा असतो. दुसरं म्हणजे फोन कानाला लावला की माझ्या तोंडातनं मस्करीच निघते, तुला माहीत हाय. कागदावर मस्करी सुचत नाय. खरं तर पंधरा दिवसांत काहीच सुचलेलं नाय. लोक येतात, गळ्यात पडून रडतात, आणि मी त्यांच्या खांद्यावरनं बघत असतो की गोठ्याच्या पत्र्याला भोक पडलंय. मला रडायला येत नाय. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल कसा आपला वाटत नाय, तसा मी सगळाच झालोय. काल ठकूबाई बोलली, पोरगा दगड हाय. मी हो बोललो.

तुला बरंचसं माहीत हाय, तरी क्रमानं लिहितो, नायतर माझं मलाच सापडणार नाय. गौरी गेल्या त्या दिवशी बाबा गोठ्यात म्हशीपुढं बसला तो उठलाच नाय. महाडच्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्यात झटका आलाय. उजवा हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. ते सगळं चाललं असतं रे. वाडीत लंगडी माणसं काय कमी हायत? पण गिळणं गेलं. चमचाभर पाणी दिलं तरी ते पोटात जायच्या ऐवजी छातीत जायचं आणि तो काळानिळा व्हायचा. मंग नाकातनं नळी घातली. आई पेज गाळून द्यायची आणि मी मोठ्या सुईच्या नळकांड्यातनं ती हळूहळू सोडायचो. दहावीला दोनदा नापास झालेल्या माणसाला ते काम बरोबर जमलं. पण आम्ही जेवायला बसलो, आईनं बांगडा भाजला, की बाबाच्या गळ्याची घाटी वर-खाली व्हायची. तोंडात काय नसताना. मी ताट घेऊन परड्यात जायचो. आईनं तर मासळी आणायचीच बंद केली.

आणि तीन आठवड्यांनी, पितृपक्षात, काकी विहिरीवरनं येताना हंड्यासकट पडली. तोच झटका, तीच बाजू, नाकात तशीच नळी. वाडी घाबरली. ठकूबाईनं दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर नारळ फोडले, खोबरं मी खाल्लं. काकीला ते कळलं तेव्हा ती वाकड्या तोंडानं हसली, आठवतंय? शिमग्याला आपण तिच्या खाटेचा पाय होळीत टाकला होता तेव्हा पण अशीच हसली होती, आधी दगड मारून.

तो डॉक्टर तू शोधलास. तुझ्या कंपनीतल्या कोणाचा तरी भाऊ मुंबईच्या त्या हॉस्पिटलात होता, त्यानं सांगितलं की तिथं एक मशीन आलंय, डोक्याला नुसतं बाहेरनं लावतात, कापाकापी नाय, आणि गेलेलं गिळणं परत येतं का ते बघतायत. तू तुझ्या आईला एकटीला नेऊ शकला असतास. तू आमच्या अंगणात येऊन बोललास, भिकूकाकाला पण घेऊ, गाडी एकच लागेल. ते मी विसरलेलो नाय. म्हणून तर लिहायला हात उचलत नाय.

मंडळाच्या खोलीवर सगळ्यांनी जागा करून दिली. आपल्या वाडीची सोळा माणसं पाळीपाळीनं झोपतात त्या खोलीत, तरी त्यांनी ट्रंका बाहेर काढल्या, काकीसाठी साडीचा पडदा बांधला. आणि एक गोष्ट तुला माहीत नसेल, कारण तू दोन दिवसांत, मशीन सुरू व्हायच्या आधीच परत गेलास. त्यांच्यातल्या रावजीनं तू गेल्या गेल्या सगळ्यांना सांगितलं, जोपर्यंत ही दोघं हायत तोपर्यंत खोलीत ताट वाढायचं नाय. सोळा माणसं जिन्यावर रांगेत बसून जेवायची. खालच्या मजल्यावरचे लोक विचारायचे, काय रे, तुमच्यात कोणाचं लग्न हाय काय रोज? रावजी बोलायचा, हो, या की. कोणी खरं सांगितलं नाय.

निघताना तू काकीचा हात माझ्या हातात दिलास आणि बोललास, जित्या, आई तुझ्या हवाली. मी बोललो, माझ्या हवाली कोण कोंबडी पण करत नाय. तू हसलास आणि गाडीला गेलास.

डॉक्टर माणूस चांगला होता. त्यानं मला समोर बसवून समजावलं. बोलला, डोक्यात गळ्याचा एक मुकादम असतो, झटक्यानं तो आडवा झालाय, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार असतो, त्याला आम्ही चुंबकानं टिचक्या मारून कामाला लावायला बघतोय. मंग बोलला, पण हे अजून पक्कं नाय. म्हणून निम्म्या लोकांना खरं मशीन लावणार आणि निम्म्यांना खोटं. आवाज दोन्हीचा सारखाच. कोणाला काय लागलं ते मला पण ठाऊक नसणार. सगळ्यांचं झालं की यादी उघडणार, आणि ज्यांना खोटं लागलं त्यांना नंतर बोलवून खरं देणार. कबूल असेल तर सही कर. तू काकीची केली होतीस, मी बाबाची केली. आणि नाव फुटू नये म्हणून कार्डावर नाव नाय, नुसता नंबर. मशीनवाली माणसं नंबर बघून बंद यादीतनं ठरवायची. नाव ठेवलं असतं तर मला काय करता आलं नसतं.

आत जाताना सगळं लोखंड-पितळ काढून ठेवायला सांगितलं. किल्ल्या, पट्टा, काकीचं मंगळसूत्र, सगळं. मला करू नको सांगितलं की माझा हात तिकडंच जातो. बाबाच्या चुन्याच्या डबीचं झाकण मी मुठीत ठेवलं. काय होतंय बघू, एवढंच. पहिला नंबर काकीचा. एक शिकाऊ डॉक्टर होता, त्यानं तो गोल डबा डोक्याला लावला आणि मला काकीचं डोकं धरायला सांगितलं. मशीन टकटक करायला लागलं तसं झाकण माझ्या मुठीत लाथा मारायला लागलं. मुठीत बेडूक धरावा तसं. एका टकटकीला एक लाथ. मंग बाबा. टकटक तीच. मी मूठ अगदी डब्याजवळ नेली. झाकण गप्प. दहा मिनिटं गप्प.

मी काय मोठा शिकलेला नाय, पण एवढं कळायला शाळा लागत नाय.

त्या दुपारी मी खोलीवर बाबाजवळ बसलो. बाबा भिंतीकडं तोंड करून पडला होता. जिन्यावरनं भाताचा वास येतच होता, जिन्यावर बसून काय वास थांबतो काय? त्याची घाटी हलत होती. दुसऱ्या दिवशी तो शिकाऊ डॉक्टर परीक्षेला गेला आणि मशीनवर सेजल नावाची ताई आली. तिनं दोघांना पण कधी बघितलेलं नव्हतं. बाकड्यावर बसल्या बसल्या मी कार्डं बदलली. तुला सांगू, तेव्हा मी मनात हिशोब केला की काकीला काय, नंतर खरं मिळणारच हाय, ती दांडगी हाय, बाबा सुकत चाललाय. पण हा हिशोब मी नंतर केला असेल. तेव्हा मी काकीचा विचार केलाच नाय. माझा बाप मला जेवताना बघायचा होता.

झाकण मी रोज नेलं. आता बाबाच्या वेळी लाथा मारायचं आणि काकीच्या वेळी मेलेलं असायचं. काकी टॅक्सीत माझा हात धरून बसायची. बोलणं अजून नीट नव्हतं तिचं, तरी जित्या, जित्या करायची. सहाव्या दिवशी तिनं स्वतःची लाळ गिळली आणि मला हात लावून दाखवली, गळ्यावर, की बघ. मला वाटलं योगायोग हाय. आठव्या दिवशी डॉक्टरनं तिला घट्ट केलेलं पाणी चमच्यानं दिलं, छाती तपासायची नळी मानेला लावून ऐकलं. गेलं. ठसका नाय. सेजलताईनं टाळ्या वाजवल्या. काकी रडली. मी टाळ्या वाजवल्या, हात वाजत होते एवढं मला ऐकू आलं.

मंग बाबाला दिलं. बाबा खोकला, डोळे पांढरे झाले, दोन माणसांनी पाठीवर थापा मारल्या.

मी सेजलताईला गंमत केल्यासारखं विचारलं, काय हो ताई, खोट्या मशीननं पण कोण बरं होतं काय? ती यादी लिहीत होती, मान वर न करता बोलली, होतात की. काहींचं आपोआप पण परत येतं. कोणाचं येतं, कोणाचं नाय, ते कळावं म्हणूनच तर खोटं ठेवतात. मी विचारलं, आणि खऱ्या मशीननं पण कोण बरं नाय होत? ती बोलली, अरे ते पण होतंच. तुझ्या वडलांना काय लागलंय ते तुला थोडंच माहीत हाय? मी बोललो, नाय, मला कसं माहीत असणार.

दिवाळीच्या आदल्या दिवशी आम्ही परत आलो. तू पोलादपूरच्या स्टँडवर उभा होतास. काकीच्या नाकात नळी नव्हती आणि बाबाच्या होती. तू आधी बाबाला उचललंस, काकीकडं नंतर बघितलंस. कार्डं मी शेवटच्या दिवशी ज्याची त्याला करून परत दिली होती, नीट, जशी डॉक्टरच्या वहीत होती तशी.

पुढचं तू बघितलंयस. नोव्हेंबरात बाबाच्या छातीत कफ भरला, ताप आला, महाडला नेला. तिथले डॉक्टर बोलले, त्याची स्वतःची लाळच चुकीच्या रस्त्यानं जातेय, कोणाचा दोष नाय. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. मी बाहेर चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर नर्स नळी काढत होती. अडीच-तीन महिन्यांनी त्याचं नाक रिकामं बघितलं. चहा माझ्या हातात होता. मी तो पिऊन टाकला, गरम होता म्हणून. का पिला ते मला अजून समजलेलं नाय.

आता एक लिहितो, ते लिहायचं नव्हतं. बाबाला ठाऊक होतं. बाकड्यावर मी कार्डं बदलताना त्यानं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं डाव्या हातानं खिशातलं कार्ड काढलं आणि काकीच्या पुढं धरलं. बोलता येत नव्हतं त्याला, नुसता हात लांब केला. काकीला वाटलं, तो नंबर दाखवतोय, तिनं मान डोलावली. मी ते त्याच्या हातातनं काढलं आणि परत त्याच्या खिशात घातलं आणि बटण लावलं. त्या डाव्या हातानं त्याला बटण काढता येत नसे. त्यानंतर त्यानं परत कधी प्रयत्न केला नाय. टॅक्सीत पण माझ्याकडं बघत नसे, बाहेर बघायचा. मशीनखाली डोकं मात्र ठेवायचा, मी धरायचो म्हणून. माझा बाप दुसऱ्याच्या वाटणीचं घ्यायला तयार नव्हता आणि मी त्याला जबरदस्तीनं घ्यायला लावलं, आणि ते त्याला लागू पण पडलं नाय.

आता हे सगळं का लिहिलं ते. चार दिवसांमागं तेराव्याला तुझ्या कानात मी काय सांगणार होतो, त्याच्या आधी तूच सगळ्यांसमोर माझ्या आईच्या पाया पडलास. तू बोललास की डॉक्टरचा फोन आला होता, भिकूकाका गेल्याचं ऐकून त्याला राहवलं नाय, त्यानं यादी उघडून सांगितलं, तुझ्या आईला खरं मशीन लागलं आणि भिकूकाकाला खोटं, त्याला जानेवारीत खऱ्यासाठी बोलवणार होते. तू बोललास, ठमाकाकी, आमच्या वाटणीला आलं ते तुमचं होतं, मला माफ कर. आई तुझ्या डोक्यावर हात फिरवत राहिली. मी पत्रावळी वाढत होतो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, पण माझ्या तोंडातनं फक्त निघालं, भात घ्या, भात घ्या. तू न जेवता संध्याकाळच्या गाडीनं ड्युटीला गेलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाय. तू बोललास ते काकीनं ओट्यावरनं ऐकलं होतं. आज सकाळी पूनम आमच्याकडं आली, डोळे सुजलेले. तुझी बहीण काय माझ्यापुढं रडणारी नाय, तुला माहीत हाय. बोलली, आई तेराव्यापासून जेवत नाय. घास तोंडात घेते, चावते, आणि काढून ताटाच्या कडेला ठेवते. विचारलं तर बोलते, हा भिकूभावजींचा. चार दिवस नुसत्या पाण्यावर हाय. गिळता येतंय तिला सुन्या, आणि ती गिळत नाय. तुला कळवू नको अशी शपथ घातलीय पूनमला, मला नाय घातली. तर काम हे हाय. ही चिठ्ठी मिळाली की सुट्टी टाक आणि आजच घरी ये. काकीसमोर बस आणि सांग की डॉक्टरचा परत फोन आला होता, यादी वाचताना त्याची ओळ चुकली, दोघांना पण खरंच मशीन लागलं होतं. भिकूभावजींना मिळायचं ते सगळं मिळालं, त्यांचं तिनं काय खाल्लेलं नाय. बाबाच्या बाबतीत ते खरंच हाय. तिच्या बाबतीत खोटं हाय, त्याचं पाप माझ्यावर. पण तिला खरं सांगू नको. पूनम सांगत होती, तेराव्यापर्यंत प्रत्येक घासाआधी ती डोक्याला हात लावायची, मशीन लावायचे तिथं, आणि मंग गिळायची. पहिला दिवस सोडला तर तिथं नुसतीच टकटक होती हे तिला कळलं आणि गळा परत मिटला तर? मला झाकणाचं कळतं, माणसाचं कळत नाय. डॉक्टरला मी स्वतः सांगेन. जानेवारीत काकीला तपासायला नेशील तेव्हा मी बरोबर येईन आणि एकटा आत जाऊन सांगेन, कारण त्याच्या वहीत उलटं लिहिलंय आणि उद्या ती वही बघून तो कोणाच्या तरी बापाला औषध ठरवेल. तोपर्यंत त्याला पण नको. पाकीट भातानं चिकटवलंय, जानूच्या हातानं तुमच्या कंपनीच्या बसमधनं पाठवतोय, उघडलेलं दिसलं तर त्याला धर. मला मार, वाडीत माझं तोंड बघू नको, मी काय बोलणार नाय. पण माझ्या आईला सांगू नको, पूनमला सांगू नको, आणि काकीला तर ती जिती असेपर्यंत नको. तुझ्या पाया पडतो सुन्या, वाच आणि कंपनीच्या भट्टीत टाक, कोणाला सांगू नको रे, कोणाला म्हणजे कोणालाच नको.

तुझाच,
जित्या